गोदामाचं अनुदान: आधी पोती मोजा, टक्के नंतर

वाशिम जिल्ह्यातल्या एका महिला शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक ताईंनी विचारलंय की आमचे ३४० सभासद आहेत, सोयाबीन, तूर आणि हरभरा ही मुख्य पिकं, गोदामाला ५० टक्के अनुदान मिळतं असं ऐकलंय तर एकदमच १००० टनाचं बांधावं का, एक जण सगळं काम करून देतो म्हणतोय पण आधी टक्केवारी मागतोय त्याला द्यावी का, आणि जागा एका संचालकाच्या वडिलांच्या नावावर आहे ती चालेल का. मी विदर्भ-मराठवाड्यात उत्पादक कंपन्यांचे गोदामाचे प्रकल्प अहवाल आणि बांधकामाची देखरेख करतो, त्यामुळे एकेक करून सविस्तर लिहितो.

ताई, पहिल्यांदा हे अनुदान कुठून कुठून येतं ते बघू, कारण लोक तीन-चार योजनांचं एकत्र कालवण करतात आणि मग कुणी ५० टक्के म्हणतं कुणी ३३ म्हणतं कुणी ६० म्हणतं, आणि गंमत म्हणजे सगळेच आपापल्या जागी बरोबर असतात.

सगळ्यात जुनी केंद्राची ग्रामीण भंडारण योजना, १ एप्रिल २००१ पासूनची. पुढे २०१४ मध्ये ती कृषी पणनच्या एकात्मिक योजनेत घातली आणि आता तिला कृषी विपणन पायाभूत सुविधा म्हणतात, पण बँकेत आणि गावात अजून सगळे 'ग्रामीण भंडारण'च म्हणतात. ही विपणन व निरीक्षण संचालनालय आणि नाबार्ड मिळून चालवतात. यात सर्वसाधारण अर्जदाराला २५ टक्के, आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, नोंदणीकृत उत्पादक कंपन्या यांना ३३.३३ टक्के. म्हणजे तुम्ही वरच्या गटात बसता. पण हे टक्के तुमच्या बिलावर नाहीत हे नीट लक्षात घ्या. सरकारने टनामागे एक खर्च ठरवलेला असतो, तो खर्च किंवा तुमचा खरा खर्च यातलं जे कमी असेल त्यावर टक्के मोजतात. बरीच वर्षं मैदानी भागात हा दर टनाला ३००० ते ३५०० रुपये होता. आजच्या सिमेंट-लोखंडाच्या भावात त्या पैशात गोदाम उभं राहत नाही हे कुठलाही गवंडी सांगेल, म्हणजे कागदावरचे ३३ टक्के प्रत्यक्षात बारा-चौदा टक्क्यांवर यायचे. २०२४ मध्ये विकास सोसायट्यांच्या, म्हणजे गावोगावच्या पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थांच्या, गोदामांसाठी हा दर टनाला ७००० केला, त्यांना ३३.३३ टक्के लागू केले आणि स्वतःचा हिस्सा २० वरून १० टक्क्यांवर आणला. तुमच्या गावातली विकास सोसायटी चांगली चालत असेल तर तिकडेही एकदा बोलून बघा. सहकारातल्या धान्य साठवणुकीची मोठी योजना मे २०२३ मध्ये मंजूर झाली, तिच्या पहिल्या ११ सोसायट्यांमध्ये आपल्या अमरावती जिल्ह्यातली नेरपिंगळाईची सोसायटी आहे, ३००० टनाचं गोदाम. वाशिमहून लांब नाही, संचालक मंडळाने एकदा जाऊन बघून यावं असं ठिकाण आहे.

आता तुम्ही ऐकलेले ५० टक्के. ते राज्याच्या कृषी विभागाकडून, राष्ट्रीय अन्न सुरक्षा व पोषण अभियानातून (पूर्वीचं राष्ट्रीय अन्न सुरक्षा अभियान) येतात. तिथला नियम साधा आहे, कमाल २५० टनाच्या गोदामाला खर्चाच्या ५० टक्के किंवा १२ लाख ५० हजार, यातलं जे कमी असेल ते, आणि लाभ उत्पादक कंपनी किंवा संघाला. म्हणजे १००० टनाचं बांधलं तरी या योजनेतून निम्मा खर्च मिळणार नाही, साडेबारा लाखांवर गाडी थांबते. हेच बहुतेकांना कुणी सांगत नाही. शिवाय ही योजना बँक कर्जाशी जोडलेली आहे, म्हणजे कंपनीकडे रोख पैसे असले तरी बँकेतून कर्जप्रकरण केल्याशिवाय लाभ नाही, आणि जिल्ह्याचं लक्ष्य कमी व अर्ज जास्त असले तर सोडत निघते.

६० टक्के म्हणणारे लोक स्मार्ट प्रकल्पाबद्दल बोलत असतात, म्हणजे बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्प, जागतिक बँकेच्या पैशातला. त्यात नुसतं गोदाम कमी आणि धान्य स्वच्छता-प्रतवारीसकट पूर्ण उपप्रकल्प जास्त असतात. तुमचं गाव पोकरात, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, असेल तर तिथेही गोदाम हा घटक आहे, तेव्हा कृषी सहाय्यकाला गावाचं नाव यादीत आहे का एवढं विचारून घ्या. एकाच गोदामावर दोन ठिकाणचं भांडवली अनुदान घेता येत नाही हे मात्र पक्कं. कुणी म्हणेल इकडून पण काढू तिकडून पण काढू, ऐकू नका, वसुली लागते आणि संचालकांच्या सह्या असतात त्यावर.

व्याजाची सवलत मात्र याच्या जोडीला घेता येते. कृषी पायाभूत सुविधा निधी, २०२० पासून, २ कोटीपर्यंतच्या कर्जाला ३ टक्के व्याज सवलत, सात वर्षांपर्यंत, आणि कर्जाला सरकारी हमी त्यामुळे तारणाचा आग्रह कमी होतो. कर्जवाटपाची मुदत २०२५-२६ पर्यंत ठरलेली होती, म्हणून तुमचं प्रकरण कधी मंजूर होतंय त्याप्रमाणे सवलत लागू होते का हे शाखेत विचारा, आणि होत असेल तर मंजुरीपत्रात तसं लिहून घ्या. अनेक शाखांमध्ये मॅनेजर कर्ज साध्या मुदत कर्जात टाकतात आणि पोर्टलवर अर्ज करतच नाहीत, मग वर्षभराने लक्षात येतं की सवलत लागलीच नाही.

आता तुमचा मोठा प्रश्न, १००० टन. मी आधी विचारतो की पोती किती येणार. ३४० सभासद, समजा सरासरी ३ एकर सोयाबीन, एकरी ७ क्विंटल धरू, म्हणजे सात हजार क्विंटलच्या वर, टनात ७००. वाटतं की ७०० टन तर घरचाच माल आहे, बाहेरचा थोडा मिळाला की १००० भरलंच. पण सोयाबीन निघतं तेव्हा दिवाळी तोंडावर असते, कृषी केंद्राची उधारी असते, मळणीवाल्याचे पैसे, हरभऱ्याचं बियाणं, पीककर्ज. दहातले सहा-सात शेतकरी खळ्यावरूनच माल देतात आणि त्यांचं चुकतं असंही नाही, पैसा लागतोच. माझ्या बघण्यात पहिल्या वर्षी सभासदांचा पाव हिस्सा माल गोदामात आला तरी कंपनी चांगली चालली असं समजायचं. पाव हिस्सा म्हणजे १८० टन. मग जानेवारी-फेब्रुवारीत तूर येते, तोवर सोयाबीन थोडं निघून गेलेलं असतं, मार्चमध्ये हरभरा. म्हणजे २५० टनाची जागा तुम्ही वर्षात दीड-दोन वेळा फिरवू शकता आणि तेवढी पुरते.

पैशाचा हिशोब मांडू. २५० टनाचं चांगलं गोदाम, आतला रस्ता, काटा ठेवायची जागा, पाणी जायला नाली असं सगळं धरून समजा २५ लाख. स्वतःचे ५ लाख, बँकेचे २० लाख. अनुदान १२.५० लाख आलं की कर्ज उरलं साडेसात लाख. ३ टक्के सवलत धरून व्याज ६ टक्क्यांच्या आसपास पडलं तर सात वर्षांचा हप्ता महिना अकरा हजार, वर्षाला १ लाख ३१ हजार. आता भाडं. २५० टन म्हणजे ५० किलोची ५००० पोती. सरासरी ३००० पोती आठ महिने राहिली आणि पोत्याला महिना ८ रुपये घेतले तर १ लाख ९२ हजार. यातून राखणदार, विमा, औषध फवारणी, लाइट, किरकोळ दुरुस्ती असे ऐंशी हजार तरी जातात. हातात उरले १ लाख १२ हजार. हप्ता १ लाख ३१ हजार. म्हणजे निम्मं अनुदान मिळूनसुद्धा नुसत्या भाड्यावर हप्ता पूर्ण फिटत नाही! फरक थोडा आहे, प्रतवारी करून एकत्र विक्री केली, हमीभाव खरेदीचं केंद्र मिळालं, बियाण्याचा साठा केला तर तो सहज भरून निघतो, पण ते काम करायची तयारी लागते.

हेच १००० टनाला करून बघा. खर्च ८५ लाख धरू, मोठ्या गोदामाला टनामागे थोडा कमी पडतो म्हणून. स्वतःचे १७ लाख. केंद्राच्या योजनेतून चांगल्यात चांगला दर म्हणजे टनाला ७००० लागू झाला असं धरलं तरी अनुदान २३ लाखांच्या आसपास. कर्ज उरलं ४५ लाख. हप्ता वर्षाला जवळजवळ ८ लाख, आणि माल तुमच्याकडे पहिल्या वर्षी २०० टन. ताई, हे गणित मी बऱ्याच संचालक मंडळांसमोर मांडलंय आणि दरवेळी खोलीत तोच प्रश्न येतो, की मग शेजारच्या तालुक्यातली ती कंपनी कशी करते. करते ती, कारण तिच्या गोदामात व्यापाऱ्याचा आणि सरकारी खरेदीचा माल वर्षभर असतो, त्यांनी तसे करार आधी केले आणि पत्रे नंतर ठोकले. तुमच्याकडे असा करार लेखी असेल तर ५०० टनाचा विचार करा. नसेल तर २५०, आणि जागा मात्र अशी घ्या की उद्या बाजूला दुसरं २५० उभं करता येईल, ट्रक फिरायला वळण राहील.

अनुदानाच्या बाबतीत अजून एक, पैसे कधी येतात. हे मागून येणारं अनुदान आहे. केंद्राच्या योजनेत बँक कर्ज मंजूर करते, पहिला हप्ता सोडते, मग नाबार्डच्या पुण्याच्या कार्यालयाकडे आगाऊ अनुदानाची मागणी पाठवते, ते पैसे आले तरी तुमच्या हातात येत नाहीत, बँकेत तुमच्या नावे वेगळ्या राखीव खात्यात बसतात, बांधकाम पूर्ण झाल्यावर संयुक्त तपासणी होते आणि मग उरलेलं येतं, शेवटी ते कर्जात वळतं. राज्याच्या योजनेतही बांधकाम, तपासणी, मोजमाप झाल्याशिवाय रक्कम नाही. आता ही रक्कम वर्षभर उशिरा आली तर काय होतं बघा, साडेबारा लाखांवर सवलत न धरता ९ टक्क्यांनी १ लाख १२ हजार ५०० रुपये जास्तीचं व्याज, म्हणजे वरच्या हिशोबातली तुमची वर्षाची सगळी शिल्लक गेली. म्हणून ताळेबंद मांडताना अनुदान एक वर्ष उशिरा येणार असंच धरून मांडा. तसं मांडूनही प्रकल्प तग धरत असेल तरच पुढे जा. आणि योजना मध्येच थांबते हेही होतं, २०१४ च्या ऑगस्टमध्ये निधी संपला म्हणून केंद्राच्या योजनेत सर्वसाधारण गटाचे अर्ज थांबवले होते ते २०१८ ला नव्या सूचना येईपर्यंत. त्या काळात ज्यांनी फक्त अनुदानाच्या भरवशावर पाया खणला त्यांचे हाल मी जवळून पाहिलेत.

कामाचा क्रम चुकवू नका, यावर मी जोर देतो कारण सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच बाद होतात. आधी जागेचे कागद, मग संचालक मंडळाचा ठराव, आराखडा-अंदाजपत्रक, बँकेकडे प्रकरण, कृषी विभागाकडे अर्ज, पूर्वसंमतीचं पत्र, आणि त्यानंतर कुदळ. पूर्वसंमतीच्या तारखेच्या आधीचं सिमेंटचं एक बिल जरी फाइलमध्ये निघालं तरी तपासणीत प्रश्न येतो. मुहूर्त निघालाय म्हणून पाया घेतला, असं सांगून चालत नाही, फोटोवर तारीख आणि ठिकाण येतं. बिलं सगळी कंपनीच्या नावाने, जीएसटीची, आणि पैसे कंपनीच्या खात्यातून चेकने किंवा ऑनलाइन. संचालकाने स्वतःच्या खिशातून रोख दिले आणि नंतर कंपनीने त्याला परत केले असं केलं की हिशोब जुळवता जुळवता नाकी नऊ येतात.

जागेचं बघू. वडिलांच्या नावावरची जागा चालते, पण कंपनीच्या नावाने दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा पाहिजे, कर्जाच्या मुदतीपेक्षा मोठा, आणि सातबाऱ्यावर इतर हक्कात त्याची नोंद. पाचशेच्या बाँडवरचं नोटरी केलेलं संमतीपत्र बँक घेत नाही, घेऊही नये. सातबाऱ्यावर भाऊबंदांची नावं सामाईक असतील तर आधी वाटणी नाहीतर सगळ्यांच्या सह्या. शक्य असेल तर कंपनीने जागा विकतच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण आज ते संचालक आहेत, उद्या निवडणुकीत दुसरे येतील आणि गोदामाच्या चाव्या कुणाकडे यावरून कंपनी फुटते. एनएचं, म्हणजे अकृषिक परवानगीचं, विचाराल तर जमीन महसूल कायद्यात स्वतःच्या शेतमालाच्या साठवणुकीसाठीचं शेतावरचं बांधकाम शेतीच्याच वापरात धरलेलं आहे, पण तुम्ही कंपनी आहात आणि भाडं घेणार आहात म्हणजे हा व्यवसाय झाला, तेव्हा अकृषिक परवानगी लागेल असं धरूनच चला आणि तहसीलमध्ये आत्ताची पद्धत विचारा. महिना-दोन महिने यात जातात, म्हणून हे काम सगळ्यात आधी सुरू करा. आणि जागा महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर पाहिजे, केंद्राच्या योजनेची ती अट आहे.

बांधकामाकडे येतो, इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण अनुदान एकदा मिळतं आणि गोदाम तीस वर्षं वापरायचं असतं.

आकार आधी. योजनेत क्षमता मोजतात ती घनमीटरला ०.४ टन या हिशोबाने. २५० टनाला ६२५ घनमीटर पाहिजे. आतून १५ मीटर बाय साडेनऊ मीटर आणि साडेचार मीटर उंची घेतली तर ६४१ घनमीटर होतात, २५६ टन, बरोबर बसलं. म्हणजे आतलं क्षेत्र दीड हजार चौरस फुटांच्या थोडं वर. कुणी बाहेरून बाहेर माप धरून नकाशा काढतो आणि भिंतींची जाडी गेल्यावर तपासणीत २३५ टन भरतं, मग अनुदान त्या प्रमाणात कापलं जातं. नकाशा आल्यावर पहिली गोष्ट आतलं माप बघा.

तुमच्याकडची जमीन काळी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर नुसतं चार फूट खणून पाया घेतला तर तिसऱ्या वर्षी भिंतीला कोपऱ्यातून तिरकी चीर जाते आणि फरशी मधोमध उचलते. मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, मुरूम फारच खोल असेल तर कॉलम आणि खालून प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीला काँक्रीटची आडवी तुळई, आणि फरशीखालची काळी माती पूर्ण काढून मुरूम थरथराने भरून प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबायचा. ठेकेदार इथेच पैसे वाचवतो, कारण हे काम नंतर दिसत नाही. मी भरावाच्या प्रत्येक थराचा फोटो काढून ठेवायला सांगतो, बिल पास करण्याआधी तो फोटो दाखव म्हणायचं.

फरशीत ओल वर येऊ नये म्हणून काँक्रीटखाली जाड प्लास्टिकचा अखंड थर पाहिजे. हा थर आहे की नाही ते पहिल्या पावसाळ्यात कळतं. फरशीवर दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून एक रात्र ठेवा, सकाळी उचलल्यावर खालून दव धरलेलं दिसलं की समजा ओल येतेय. अशा फरशीवर सोयाबीनची थप्पी लावली तर खालची दोन थर पोती काळी पडतात, आणि वरून सगळं छान दिसतं म्हणून विक्रीच्या दिवसापर्यंत कुणालाच पत्ता नसतो. फरशी चांगली असली तरी पोती थेट खाली ठेवू नका, लाकडी नाहीतर प्लास्टिकच्या पॅलेट लागतातच, त्यांचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून घ्या. भिंतीपासून दोन फूट जागा सोडून थप्पी, म्हणजे चारी बाजूंनी माणूस बॅटरी घेऊन फिरू शकला पाहिजे.

प्लिंथ, म्हणजे जोतं, ट्रकच्या फाळक्याच्या उंचीला घ्या. हमालाला पोतं घेऊन चढ-उतार नसला की पोत्यामागे हमाली कमी पडते आणि तीस वर्षं कमी पडते. दार रोलिंग शटरचं सगळे लावतात, लावा, पण शटरच्या फटीतून उंदीर येतो आणि कीड मारायला विषारी धुरी देतात त्या वेळी गॅस जातो, म्हणून आतून घट्ट बसणारी लोखंडी दारं किंवा निदान शटर बंद करायची नीट सोय करा. हवेच्या खालच्या आणि वरच्या झडपांना जाळी, आणि त्या बाहेरून बंद करता आल्या पाहिजेत. पत्र्याखाली उष्णता कमी करणारा थर घातला तर एप्रिल-मेमध्ये आत खूप फरक पडतो. अग्निशमनाची नळकांडी, बाहेर पाणी वाहून जायला नाली, आतला पक्का रस्ता, हे सगळं तपासणीत बघतात म्हणून करायचं असं नाही, वापरताना लागतं.

कीड म्हटली तर सोयाबीनपेक्षा तूर आणि हरभऱ्याला भुंगा जास्त. धुरीच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुणीही दुकानातून आणून टाकायच्या नाहीत, ते परवानाधारक कीड नियंत्रणवाल्याकडूनच करून घ्यायचं, जिवाचा प्रश्न आहे तो. आणि मुळात माल ओला आत घेऊ नका. दारात आर्द्रता मीटर ठेवा, १२ टक्क्यांच्या वर सोयाबीन असेल तर सभासद असो नाहीतर अध्यक्षांचा भाऊ असो, वाळवून आणा म्हणून परत पाठवा. एकाचं ओलं पोतं सगळी थप्पी तापवतं. हा नियम पहिल्या हंगामात कडक पाळला की पुढे कुणी वाद घालत नाही.

आता गोदाम बांधून माल ठेवला की भाव मिळतोच का, तर नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला १० हजारांच्या आसपास गेलं आणि तेव्हापासून पुढची दोन-तीन वर्षं कितीतरी शेतकऱ्यांनी तसाच भाव परत येईल म्हणून घरात-गोदामात माल धरून ठेवला आणि शेवटी साडेचार हजाराने काढला. २०२४ ला हमीभाव ४८९२ होता आणि दिवाळीत बाजार चार हजाराच्या आसपास फिरत होता, त्या वर्षी ज्यांना दोन महिने थांबून हमीभाव केंद्रावर माल देता आला त्यांना गोदामाचा फायदा झाला. म्हणजे गोदामाचा खरा उपयोग हंगामातली पडती वेळ टाळायला आहे, वर्षानुवर्षं धरून ठेवायला नाही. सभासदांना हे सुरुवातीलाच सांगा, म्हणजे कंपनीने भाव पाडला असा आरोप येत नाही.

पैशाची गरज असलेल्या सभासदाला थांबवायचं तर तारण कर्ज हवं. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे, बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, १८० दिवसांसाठी, ६ टक्क्यांनी. ती बाजार समितीमार्फत चालते. तुमच्या स्वतःच्या गोदामात माल ठेवून बँकेचं कर्ज पाहिजे असेल तर गोदाम विकास व नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते, मग तुम्ही इलेक्ट्रॉनिक गोदाम पावती देऊ शकता आणि त्या पावतीवर बँक पैसे देते. नोंदणीला विमा, नोंदवह्या, प्रशिक्षित माणूस, सुरक्षा ठेव असं बरंच लागतं, पण माझं मत आहे की दुसऱ्या वर्षी हे करायचंच, नाहीतर गोदाम म्हणजे फक्त चार भिंती आणि पत्रा. पहिल्या वर्षासाठी एक सोपा मार्ग आहे, तुमच्या जवळच्या राज्य वखार महामंडळाच्या केंद्रात थोडा माल ठेवून बघा, तिथे शेतकऱ्याला साठवणूक भाड्यात ५० टक्के आणि उत्पादक कंपनीला २५ टक्के सवलत आहे. एक हंगाम असा काढला की सभासद खरंच माल थांबवतात का, किती थांबवतात, हे कळतं आणि तो आकडा घेऊन बँकेत गेलात तर मॅनेजरसुद्धा वेगळ्या नजरेने बघतो.

टक्केवारी मागणाऱ्याबद्दल. प्रकल्प अहवाल करायची, नकाशाची, सीएची फी द्यावी लागते, ती द्या, कामाची फी असते, पावती घ्या. पण अनुदान मंजूर करून देतो त्याचे आधी इतके टक्के द्या असं म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. अर्जाचा नमुना तालुका कृषी अधिकारी कार्यालयात फुकट मिळतो, आत्मा म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा, तिथले लोक तुमच्या कंपनीला ओळखतात, आणि जिल्ह्यासाठी नाबार्डचा जिल्हा विकास व्यवस्थापक असतो, त्याचं कामच हे आहे. तिघी संचालक मिळून त्यांना एकदा भेटा. या वर्षीचं जिल्ह्याचं गोदामाचं लक्ष्य किती, त्यातलं शिल्लक किती, आणि मागच्या वर्षी मंजूर झालेल्या कंपन्यांना पैसे कधी मिळाले, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या कंपन्यांना फोन करून पण तपासा.

तुम्ही आत्ता लगेच काय करायचं तर ३४० सभासदांकडून एक साधं पत्रक भरून घ्या, कोण किती क्विंटल किती महिने ठेवणार आणि किती भाडं देणार, सहीसकट. शेअरची रक्कम वाढवून ५ लाखांचा स्वतःचा हिस्सा उभा राहतो का तेही त्याच बैठकीत बघा. आणि जागेचा सातबारा, आठ अ आणि फेरफार काढून ठेवा, त्यावर कुठली सोसायटीची किंवा बँकेची बोजा नोंद असेल तर ती आधी कमी करून घ्यावी लागेल, त्याशिवाय तुमचं प्रकरण शाखेतून पुढे सरकणार नाही.